यादीतला पंधरावा

हसा, पोटभर हसा, पण चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. कारण हा जो घोळ मी घातला ना, तो साध्यासुध्या माणसाला जमणारा नव्हताच. त्याला छत्तीस वर्षांची मास्तरकी लागते, सरकारी कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट लागतं आणि घरात कोणाचंही न ऐकायची सवय लागते. माझ्याकडे सगळं होतं!

आमची प्रज्ञा तेव्हा अकोल्याला शेतकीचं एम.एस्सी. करत होती. मी आणि तिची आई शीला इकडे अमरावतीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी नुकताच हेडमास्तर म्हणून रिटायर झालेलो. शाळा संपली होती, पण हजेरी घ्यायची खाज काही गेली नव्हती.

ती वर्षं वाईट होती. वरुड-मोर्शीकडे विहिरी आटल्या, बोअर कोरडे गेले, आणि लोकांनी भर बहरातली संत्र्याची झाडं तोडून सरपणाला घातली. शीलाच्या भावाची बागही तशीच गेली. प्रज्ञानं तेव्हाच डोक्यात घेतलं की झाडाच्या मुळाला पाणी नेमकं कधी हवं ते यंत्रानं सांगावं, म्हणजे तेवढंच द्यायचं. त्यासाठी तिनं एक इवलासा कॉम्प्युटर घेतला. इवलासा म्हणजे किती? साबणाच्या वडीएवढा! ना पडदा, ना बटणं. त्यातून दोन वायरी निघालेल्या आणि वायरींच्या टोकाला दोन खिळे. खिळे मातीत खुपसले की तो ओल मोजतो आणि घरच्या वायफायवरून आकडे थेट अकोल्याला पाठवतो.

तिच्या सरांनी बजावलं होतं, सोमवारी अकरा वाजता कमिटी बसेल. अकोल्यात बसून अमरावतीच्या कुंडीतली ओल दिसली तर हा विषय तुझा. नाही दिसली तर विषय सोड आणि दुसऱ्याच्या बियाण्याच्या कामाला लाग. पोरीनं या विषयापायी दोन महिने धड जेवण केलं नव्हतं.

आता वस्तू अकोल्याहून अमरावतीला कशी आली? आमच्याकडे सगळं येतं तशीच, एसटीच्या कंडक्टरच्या हाती! गुरुवारी संध्याकाळी मी स्टँडवरून डबा घेऊन घरी पोचतो न पोचतो तोच फोन.

"बाबा, नीट आयका. वायफायचं नाव अन् पासवर्ड म्या त्याच्या कार्डात आधीच टाकून देल्ला हाये. तुमी फक्त गच्चीच्या दारापाशी पिन लावा अन् खिळे संत्र्याच्या कुंडीत खुपसा. मंग आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर राउटरचं पान उघडा. यादीत थो नवीन दिसला की मले सांगा. बस!"

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं कायीच करू नका, बाबा."

हे शेवटचं वाक्य माझ्या कानापर्यंत आलं होतं, हे मी मान्य करतो.

पिन लावली. लाल दिवा लागला, हिरवा मिचमिच करू लागला. खाली आलो, पान उघडलं. राउटर म्हणजे तो दोन शिंगांचा डबा हो, ज्याच्यातून घरभर वायफाय पसरतं. सध्या त्याला कोण कोण जोडलेलं आहे, त्याची यादी त्या पानावर दिसते.

यादीत पंधरा जण!

आता तुम्ही म्हणाल, दोन माणसांच्या घरात पंधरा कुठून आले? अहो, आमच्या गल्लीत घरी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायची पद्धत. वायफाय आल्यापासून लोक पाणी पिता पिता पासवर्ड विचारू लागले, आणि नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. ढोले काकूंना मी दिला, काकूंनी जावेला दिला, जावेनं भाडेकरूला दिला. गॅस सिलिंडरवाल्याला तर मी स्वतःहून दिला, कारण त्या दिवशी ऊन फार होतं.

यादी वाचली. प्रत्येक ओळीत मोबाइलचं काही ना काही नाव होतं. कॉम्प्युटर म्हणून एकच होता, तो आमचाच टेबलावरचा. आणि सगळ्यात खाली, पंधराव्या ओळीत, नावच नाही! नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं.

हसताय काय? थांबा, अजून काही झालंच नाही!

माझा विचार असा चालला की आपला कॉम्प्युटर काही अजून आत आलेला नाही, पण कोणीतरी नाव लपवून शिरलेला आहे. नाव कोण लपवतं? छत्तीस वर्षं मी पोरांना दरडावून विचारत आलो, नाव सांग! जो सांगायचा नाही, त्याच्या खिशात हमखास दुसऱ्याची पेन्सिल निघायची.

स्वयंपाकघरातून शीला म्हणाली, "दिसला का?"

"नाई. पण एक चोर दिसला."

"बाप्पा! कोठी?"

"वायफायमंधी."

"मंग हात धुवा अन् जेवाले बसा. थो काय आपली भाकर खाऊन राहिला का?"

शुक्रवारी सकाळी पावणेआठला पुन्हा पाहिलं. पंधरावा तिथंच, हूं की चूं नाही. त्याच्यासमोर 'ब्लॉक' असं बटण होतं. दाबलं! आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो. माझा हिशेब साधा होता. ज्याचं बंद पडलं, तो बोंबलत येणार. 'सर, वायफाय काहून बंद हाये?' म्हणाला की धरला कॉलरला.

आठ वाजले, साडेआठ वाजले, नऊ वाजले. कोणी आलं नाही.

चोर गप्प! म्हणजे तुम्हीच सांगा, किती मुरलेला असला पाहिजे?

तेवढ्यात प्रज्ञाचा फोन. "बाबा, रातभर आकडे आले! मस्त आले! पण पावणेआठपासून बंद हाये. तुमी काई केलं का?"

"म्या? म्या कायले काई करू?"

"पिन निघाली असन, पाहा जरा. मी मातीचे नमुने आणाले पातूरकडे चालली, तिकडं रेंज नसते."

फोन ठेवला आणि मी विचारात पडलो. आपला कॉम्प्युटर रात्रभर आत होता, तर मग यादीत का दिसला नाही? हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? हवा होता. पण मला पडला तो वेगळाच. पावणेआठला मी चोराला हाकललं, आणि बरोबर पावणेआठलाच आपला कॉम्प्युटर बंद पडला. एका मिनिटाच्या आत सूड! म्हणजे हा चोर नुसता फुकट्या नव्हता, माझ्या पोरीच्या विषयावर उठला होता.

आता त्याला शोधणं आलं. जनगणनेची कामं मी तीनदा केलेली, निवडणुकीची तर मोजलीच नाहीत. कपाटातून रजिस्टर काढलं, पट्टीनं रकाने आखले. अनुक्रमांक, कुटुंबप्रमुख, मोबाइलचं नाव, पासवर्ड कोणी दिला, शेरा. आणि निघालो गल्लीत, घरोघर!

"जयभीम सर! पुन्ना जनगणना लागली का?" ढोले काकूंनी दारातूनच विचारलं.

"मोबाइलची हाये, काकू. तुमच्या घरी वायफायवर किती जण?"

"कोनाच्या वायफायवर?"

"माझ्या."

"मंग तुमालेच नाई मालूम?"

"मले आकडा पायजे, काकू."

"ल्या मंग. माहा एक, आमच्या यायचा एक. अन् जावई आले की त्यायचा एक. जावई इथं नसले तरी धरता का? मतदार यादीत तं मेलेले बी धरता."

दुपारपर्यंत चौदाच्या चौदा सापडले. सिलिंडरवालासुद्धा सापडला, आमच्याच भिंतीला टेकून फोनवर क्रिकेट पाहत होता. राहिलं एकच घर, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं. हकीमभाई टेलर. पुढं दुकान, मागं घर. वायफाय येऊन दोन वर्षं झाली, पण सबंध गल्लीत पासवर्ड न मागितलेला हा एकटा माणूस. इतके दिवस मी याला सभ्यपणा समजत होतो!

हकीमभाई पायजम्याला नाडीची पट्टी मारत होते.

"हकीमभाई, तुमचा मोबाइल दाखवा."

"क्यूं सर, फोन करायचा का? ल्या न."

हातात दिला तो बटणांचा फोन, मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. त्या फोननं वायफाय पकडणं म्हणजे बैलबंडीनं विमान ओढणं. शहाणा माणूस इथूनच मागं फिरला असता.

"दुसरा?"

"दुसरा कायले? एका कानात गिऱ्हाईक बोंबलते, एका कानात हा. तिसरा कान कोठून आणू?"

माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथं नवी मशीन होती, कपड्यावर वेलबुट्टी काढणारी, छोटासा पडदा असलेली.

"ही कॉम्प्युटरवाली ना?"

"हौ. मेमरी हाये तिच्यात. फूल-पत्ती अपनेआप निकलती है."

"कोणाच्या वायफायवर?"

हकीमभाईंचा पाय पायडलवर थांबला. चष्मा त्यांनी कपाळावर सरकवला.

"सर, तुमी मले काय विचारून राहिले?"

"विचारत नाई, नोंद करून राहिलो. कोणीतरी नाव न सांगता काल रातभर..."

"प्रज्ञा बेटीचा पयलीचा युनिफॉर्म म्या शिवला, सर. कापड उरलं थे तुमच्या घरी आणून देल्लं. तवा तुमी मोजून नाई घेतलं. आज काहून मोजून राहिले?"

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, खिशात टाकला आणि मशीन सुरू केली. तीस वर्षांत त्या दुकानातून मी पहिल्यांदा असा निघालो, की मागून 'बैठो सर' असा आवाज आला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण रजिस्टर हातात होतं ना! शेऱ्यात लिहिलं, 'माहिती देण्यास नकार.'

घरी शीलानं ते वाचलं.

"हकीमभाईले चोर म्हणून आले तुमी?"

"म्हटलं नाई."

"लिहून आणलं ना पण!"

त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. जेवण वाढलं, पण ताट टेबलावर जरा जोरात ठेवलं.

शनिवारी पाहतो तर यादीत चौदा. चोर गेला, छान. पण आपला कॉम्प्युटर? तो कुठं आहे? गच्चीवर गेलो. पिन काढली, लावली. पुन्हा काढली, पुन्हा लावली. डब्बी उलटी केली, सुलटी केली, फुंकर मारली. हिरवा दिवा मजेत मिचमिचतोय! तुम्ही सांगा, दिवा लागतोय, वीज आहे, खिळे मातीत आहेत, चोर हाकललेला आहे. मग अडतंय कुठं? माझं डोकं चालेना. कोर्सच्या सर्टिफिकेटवर माझा फोटो होता, तोसुद्धा मला ओळखेनासा झाला.

मग सुचलं. चोराकडे पासवर्ड आहे, तोवर तो कोणत्याही वेशात येणार. बदला पासवर्ड!

बदलला. पाच मिनिटांत फाटकापाशी गल्ली जमा. "सर, वायफाय काहून बंद हाये?" हा प्रश्न, ज्याची मी शुक्रवारी सकाळभर वाट पाहिली होती, तो आता डझनभर तोंडांनी आला. सगळ्यात पुढं ढोले काकू.

"सर, पोरगं पुण्याले असते, शनवारीच तोंड दिसते त्याचं. आज टोपीच दिसली अन् बंद झालं! कायचं पाप केलं म्या?"

मी म्हटलं, एकेकानं रांगेत या, रजिस्टरमध्ये सही करा, चिठ्ठीवर नवा पासवर्ड घ्या. आले बिचारे. सही केल्याशिवाय एकालाही दिला नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना नवा पासवर्ड मिळाला. गच्चीवरच्याला सोडून! त्याच्या कार्डात जुनाच पासवर्ड आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तो काही सही करायला आला नव्हता ना.

रविवारी प्रज्ञाचा फोन लागला, मागं वारा घोंघावत होता.

"बाबा, आकडे अजून बंदच हायेत. खरं सांगा, होईन ना? नसन होत तं सरांले आजच सांगून टाकलेलं बरं."

"होईन! तुहा बाप हेडमास्तर होता, विसरली का?"

ती "बरं बाबा" म्हणाली. तिचा विश्वास बसला, हे मला आवाजावरून कळलं. चोराबिराचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. पोरीचा विषय माझ्या हातून जाणार, ही भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

सोमवार. सव्वादहा. प्रज्ञा अकोल्यात, कॉलेजच्या जिन्यात उभी राहून बोलत होती.

"बाबा, पाऊण तास राहिला. घाबरू नका. यादी उघडा अन् मले पुरी वाचून दाखवा."

चौदा नावं वाचली.

"अन् खाली?"

"खाली काई नाई."

"बिनानावाचा कोणी? नुसते आकडे? म्या घाईत त्याले नावच नाई देल्लं."

मी पडद्यावर पंधराव्या ओळीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"बाबा?"

"होता."

"मंग?"

"हाकलला त्याले."

"काहून?"

"चोर समजून."

"बाबा! थो आपलाच होता!"

मागं शीला उभी होती. तिनं खाडकन कपाळावर हात मारला. स्वतःच्या, माझं नशीब!

प्रज्ञा मात्र शांत होती. "जाऊ द्या. ब्लॉक काढा फक्त."

"अन् पासवर्ड?"

"पासवर्डचं काय?"

"बदलला."

"जुना होता तसाच करून टाका. पाच मिनिटाचं काम हाये. करा, बाबा, आता करा."

बसलो. राउटरचं पान उघडलं. माउसवर हात ठेवला. आणि खट्ट!

पंखा थांबला, पडदा काळा झाला. साडेदहा. सोमवार म्हणजे आमच्या भागाचं भारनियमन, साडेदहा ते साडेबारा! गल्लीत इन्व्हर्टर एकाच घरी होतं. कोणाच्या, ते सांगायलाच हवं का?

भिंतीपाशी गेलो. बोलायचं काय, ते मनात जुळवलं होतं. "हकीमभाई, शुक्रवारी माझ्या हातून आपला जो अवमान..."

"माफी बाद में, सर. चेहरा काहून असा झाला? क्या हुआ?"

"प्रज्ञाचं काम अटकलं. अकरा वाजता हाये. लाइट गेली."

"तं भाषण कायले करून राहिले? पकडा!"

भिंतीवरून वायरीचं बोर्ड आलं. इन्व्हर्टरवर जोर पडू नये म्हणून हकीमभाईंनी दुकानातला पंखा बंद केला, दोन्ही मशिनी बंद केल्या, अर्धा शिवलेला कोट तसाच टाकला. राउटर जोडला, कॉम्प्युटर जोडला, एक वायर जिन्यावरून गच्चीत नेली, आणि नेता नेता चोराची खरी गोष्ट त्यांना सांगून टाकली. हकीमभाई धापा टाकत वर आले आणि कुंडीजवळच्या त्या साबणाच्या वडीकडे वाकून पाहू लागले.

"चोर म्हणे तो हाच का?"

"हाच."

"चेहऱ्यावरून तं शरीफ दिसते."

खाली धावलो. ब्लॉक काढलं, जुना पासवर्ड टाकला. सगळी गल्ली पुन्हा बाहेर फेकली गेली. यादीत उरले दोघंच. वर आमचा टेबलावरचा, जो राउटरला वायरीनं जोडलेला होता, आणि त्याच्याखाली, नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे. अकराला पाच कमी होती.

"आला! बाबा, आकडा आला!" प्रज्ञा अकोल्याहून ओरडली, ते मोबाइल नसता तरी ऐकू आलं असतं.

मी तिथंच जमिनीवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं, लपवायला वेळच मिळाला नाही. मागोमाग खाली आलेले हकीमभाई म्हणाले, "सर, अब चाय मंगाऊ का?" मी मान हलवली.

फाटकाशी पुन्हा गर्दी. "सर, आता कोणता पासवर्ड?"

"जुनाच!"

"मंग बदलला काहून होता?" ढोले काकू.

रजिस्टर शीलाच्या हातात होतं. तिनं ते चुलीजवळ नेलं, एवढंच मी पाहिलं.

विषय प्रज्ञालाच मिळाला. महिन्याभरानं ती घरी आली, तेव्हा कामाची वही सोबत होती. ती अंघोळीला गेली आणि मी वही उघडली. म्हटलं, पाहू तरी, वडिलांचे आभार कुठं मानले आहेत! आभार नव्हते, पण मी होतो. पहिल्या आठवड्यात आकडे का तुटले, त्याची कारणं तिनं नीट लिहिली होती. एक, भारनियमन, पंचवीस मिनिटं. दोन, वडील, तीन दिवस पावणेतीन तास.

भारनियमनापुढं तिच्या सरांनी नुसती बरोबरची खूण केली होती. माझ्यापुढं मात्र लाल पेनानं, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'यावर कायमचा उपाय सुचवा.'